गिरजाबाईचा चावा

२०२३ सालची ही गोष्ट. चाकणच्या तळेगाव चौकापाशी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथं भर दुपारी डॉक्टर वर्षालीचा उजवा हात मोडला. मोडणारा रणजीत, निघोज्यातला लेझर कटिंगवाला. त्या वेळी खोलीत दवाखान्यातली मुलगी होती, पण ती डॉक्टरणीच्याच बाजूनं बोलणार, असं म्हणता आलं असतं. दाराबाहेर रणजीतची बायको होती, पण ती नवऱ्याच्या धाकात; दारात त्याचा कामगार होता, पण तो त्याच्याच पगारावर. राहिली ती खुर्चीतली पेशंट, गिरजाबाई. ती रणजीतची आई. ती काय बोलते यावर सगळं अडून राहिलं, आणि गिरजाबाईला घरातलं बाहेर बोलायची सवय नव्हती.

गिरजाबाई लग्न होऊन निघोज्याला आली तेव्हा तिथं कंपनी नावाची वस्तू नव्हती. बाजरीची रानं होती, नदीकडून येणारा वारा होता, आणि दुपारी भांडीकुंडी उरकली की कडुनिंबाखाली बायकांची बैठक असायची. एकजण तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची. सगळ्यांना ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, त्यावरही हसायच्या. मग ती चुरून मिश्री करायची, डाव्या तळव्यावर घ्यायची आणि बोटानं दातांवर सावकाश फिरवत बसायचं. तेवढा वेळ बाईला कोणी काम सांगत नसे. कोणाची सासू काय बोलली, कोणाच्या पाठीवर कालचे वळ आहेत, हे तिथंच कळायचं. मिश्री तोंडात असली की बोलणं अर्धंमुर्धं, पण ऐकणाऱ्या सगळं समजून घ्यायच्या. डोळे पाण्यानं भरले तर तंबाखूवर ढकलता यायचं.

गिरजाबाईच्या पाठीवर वळ कायम असत. नवरा मारुतराव हाताचा वाईट होता. एकदा कालवणात मीठ जास्त झालं म्हणून त्यानं भरला पितळी तांब्या तिच्या तोंडावर फेकला. वरचे दोन दात जागच्या जागी तुटले, ओठ नाकापर्यंत फाटला. विहिरीवर पाय घसरला, असं तिनं गावात सांगितलं. गावाला सगळं ठाऊक होतं, तरी गावानंही घसरलाच असेल म्हणून मान हलवली. रणजीत तेव्हा दाराआड उभा होता. त्यानंही शाळेत तेच सांगितलं.

पुढं कंपन्या आल्या, जमीन गेली, पैसे आले. मारुतराव दारूनं गेला. रणजीतनं शेड टाकली, लेझरची मशीन बसवली आणि त्याचा रणजीतशेठ झाला. चौकात त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागू लागले. बोलायला गोड होता, आईवर जीव होता. राग आला की मात्र त्याचा हात बापासारखाच सुटायचा. भाग्यश्रीनं, त्याच्या बायकोनं, ते दोनदा अनुभवलं होतं. दोन्ही वेळा गिरजाबाईनं सुनेच्या गालाला हळद लावली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

तिचे दात त्या सुमाराला हलायला लागले. सकाळी चूळ भरली की पाणी लाल. हिरड्या सुजून जांभळ्या पडलेल्या, दाबलं की पू यायचा. मऊ भातसुद्धा एका बाजूनं खायची.

रणजीतचा एकच निकाल. "सगळे काढून टाकू आये. कवळी बसवू, झक्कास. हसलीस की गाव बघंल."

"न्हाई काढनार," गिरजाबाई म्हणाली.

"अगं, हलत्यात ना?"

"हलूं दे. माझे हायेत."

यापलीकडे ती बोलली नाही. मारुतरावाला जे पाडता आले नाहीत ते हे दात होते, हे मुलाला कसं सांगणार?

भाग्यश्रीनंच डॉक्टर वर्षालीचं नाव काढलं. वर्षाली पिंपरीची, बौद्ध घरातली. वडील कंपनीत मशीनवर उभे राहून निवृत्त झालेले. चाकणला तिनं स्वतःचा दवाखाना थाटला होता. तिनं गिरजाबाईचं तोंड निगुतीनं तपासलं, रक्तातली साखर तपासून घेतली आणि स्पष्ट सांगितलं, "आजी, दात वाचतील बहुतेक. खालचे पुढचे दोन सोडून. त्यांचं मी वचन देत नाही. आधी खोलवर सफाई करायची, मग हिरडीच्या आत जे किडून बसलंय ते लेझरनं जाळायचं. रक्त कमी येतं, टाके लागत नाहीत. पण लेझर म्हणजे जादू नाही हं. मिश्री सोडली नाही तर मी हात लावणार नाही."

"जाळायचं म्हंजी?"

"कंपनीतली भट्टी आणि घरातली मेणबत्ती, दोन्ही आगच ना आजी? ही मेणबत्ती आहे."

गिरजाबाई हसली. त्याच दिवशी मिश्रीचा डबा तिनं उकिरड्यावर टाकला. पहिला आठवडाभर ती सगळ्यांवर खेकसत होती. भाग्यश्री म्हणे, "आत्या, डबा परवडला, पण तुमी नको."

जेवताना लेझरचा विषय निघाला आणि रणजीतचा घास हातात राहिला.

"लेझर? तोंडात? आये, तुला माहिती हाय का लेझर काय असतंय? बारा एमएमची प्लेट लोण्यावानी कापती माझी मशीन. सोनूचा हात बघितला न्हाईस तू?"

सोनू त्याच्या शेडमधला ऑपरेटर, लातूरकडचा पोरगा. मशीनचं दार उघडलं की लेझर आपोआप बंद पडायला हवा, अशी तिची बनावट. पण त्यानं काम रेंगाळतं, म्हणून रणजीतनं दाराच्या स्विचला वायरचा तुकडा जोडून मशीनला फसवून ठेवलं होतं. दार उघडं असलं तरी तिला बंदच वाटायचं. चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले बरेचजण असंच करतात. एक दिवस सोनूचा हात आत असताना किरण चालू झाला आणि तळहाताच्या आरपार गेला. रणजीतनं त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. वेल्डिंग करताना भाजलं, असं तिथं सांगितलं. त्या दिवसापासून शेडमध्ये मटण आणलं तरी रणजीत बाहेर जाऊन बसायचा. भाजलेल्या माणसाचा वास त्याच्या नाकातून गेला नव्हता.

"माझ्या आईच्या तोंडात कुनी लेझर घातला तर त्याचा हात उपटीन," तो म्हणाला. बोलताना त्यानं ताट सरकवलं, तर आमटी भिंतीपर्यंत उडाली.

तेव्हा सासूसुनांनी भिंत पुसून घेतली, आणि मग त्याला न सांगता दवाखान्यात गेल्या.

सफाई होऊन गेली होती. लेझरचा दिवस उजाडला तेव्हा गिरजाबाई धुवट लुगडं नेसून खुर्चीत आडवी झाली. वर्षालीनं इंजेक्शन दिलं. आधी ओठ गेले, मग जीभ जड झाली. तोंड आपलं नाहीच, कोणीतरी उसनं आणून बसवलंय, असं तिला वाटू लागलं. डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला. वर्षालीनं घातला, मदतीच्या करिष्मानं घातला. भाग्यश्रीला बाहेर बसवलं, कारण आत जेवढे डोळे तेवढे चष्मे लागतात आणि चौथा चष्मा नव्हता.

लेझरची मशीन टिफिनच्या डब्याएवढी. तिच्यातून दोऱ्याइतकी बारीक तार निघालेली आणि तिच्या टोकाला लाल ठिपका. वर्षालीनं पायाखालचं बटण दाबलं. बारीक टुकटुक आवाज आला. धुराची एक कांडी वर गेली आणि केस जळल्यासारखा वास आला. गिरजाबाईला काहीच दुखलं नाही. ती छताकडे बघत पडून होती. बाईमाणसाच्या तोंडात इतक्या हळू हात फिरू शकतो, याचंच तिला नवल वाटत होतं.

रणजीतला कोणीतरी फोन केला होता. वहिनी आणि आई चौकातल्या दातांच्या दवाखान्यात चढल्या, एवढाच. तो सोनूला घेऊन निघाला, हायवेच्या गर्दीत गाडी टाकून पायी पळत आला. जिना चढतानाच त्याला वास आला.

भाग्यश्री दारात आडवी आली. "अहो, थांबा, आत जायचं न्हाई—" त्यानं तिला उलट्या हातानं मारलं. ती खुर्च्यांवर पडली आणि खुर्च्यांसकट जमिनीवर.

त्यानं दार लाथेनं उघडलं. आत त्याची आई उताणी, डोळे झाकलेले, तोंड आ वासलेलं, तोंडातून धूर.

पुढचं सगळं फार झटक्यात झालं. त्यानं वर्षालीची वेणी धरली आणि तिला स्टुलावरून मागं ओढलं. तार तुटली, मशीन खाली आपटली. करिष्मा किंचाळून मध्ये पडली, तर त्यानं भिरकावलेला हत्यारांचा ट्रे तिच्या कपाळावर बसला आणि डोळ्यांत रक्त उतरून ती आंधळ्यासारखी भिंत चाचपत राहिली. रणजीतनं वर्षालीचं डोकं भिंतीवर आपटलं. तिच्या जातीवरून तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"माझ्या आईला जाळतीस? जाळतीस?"

"त्यांना विचारा... अहो, त्यांनाच विचारा..." वर्षालीच्या तोंडातून रक्त येत होतं.

गिरजाबाई उठून बसली होती. चष्मा तिनं ओरबाडून काढला. थांब, ती ओरडली. सोड तिला, मला काही झालं नाही, ती ओरडली. पण जीभ लाकडाची, ओठ मेलेले. बाहेर पडलं ते एक गुरासारखं हंबरणं, लाळ आणि थोडं रक्त. रणजीतनं ते ऐकलं आणि तो जास्तच चेकाळला. आई वेदनेनं ओरडतेय, असंच त्याला वाटलं. ती जितकी जोरात ओरडे तितका तो जोरात मारी. वर्षालीच्या पोटात लाथ बसली, ती दुमडली. मग त्यानं तिचा उजवा हात धरला, लेझरची तार ज्या हातात होती तोच, लोखंडी कपाटाच्या चौकटीत घातला आणि दारावर खांद्यानं धडक दिली.

हाड मोडल्याचा आवाज गिरजाबाईनं आयुष्यात आधीही ऐकला होता. तो विसरता येत नाही.

त्यानं दार उघडलं, हात पुन्हा नीट बसवला आणि पुन्हा धडक दिली. वर्षाली आता ओरडतही नव्हती.

तेव्हा गिरजाबाईच्या ध्यानात आलं की आपणच याला पेटवतोय. तिनं आवाज बंद केला. खुर्चीवरून उतरली. मुलाच्या मागून गेली. तिसऱ्यांदा दार उघडायला त्यानं हात लांब केला, तो हात तिनं दोन्ही हातांनी धरला आणि मनगटाच्या वरच्या अंगाला दात रोवले.

तोंडाला काही कळत नव्हतं. आपण किती जोरात चावतोय हेही कळत नव्हतं. जबडा दाबत गेली, इतकंच. मारुतरावाला जन्मात कधी चावली नव्हती. रणजीत ओरडला, त्यानं हात झटकला, तरी ती सुटेना. त्यानं दुसऱ्या हातानं मागं न बघताच तिच्या कानशिलावर ठोसा मारला. तेव्हा सुटली. कपाटाला टेकून खाली बसली.

तो वळला. कोणाला मारलं ते त्याला तेव्हा दिसलं. हाताकडे बघितलं, तर मांसात एक दात रुतलेला, अख्खा, मुळासकट. दुसरा फरशीवर पडला होता. हलणारे खालचे दोन, ज्यांचं डॉक्टरणीनं वचन दिलं नव्हतं.

"आये?" तो म्हणाला. दाराआड उभ्या राहणाऱ्या पोराचा आवाज होता तो.

गिरजाबाईला बोलता येईना. रक्त थुंकली आणि दाराकडे बोट केलं. सोनू दारातच उभा होता, जळलेला हात पोटाशी धरून. त्यानंच शेठला ओढून बाहेर नेलं.

संध्याकाळी निघोज्याच्या घरी ज्योतीराम आले. मारुतरावांचे चुलतभाऊ, गावात वजन असलेले, पोलीस चौकीत चहा पिणारे. रणजीत हाताला फडकं गुंडाळून बसला होता. भाग्यश्रीचा गाल काळानिळा. गिरजाबाईच्या तोंडाची भूल उतरली होती आणि कवटीत कोणी खिळे ठोकावेत तसं दुखत होतं.

"हे बघा वहिनी," ज्योतीराम म्हणाले, "डॉक्टरणीनं फिर्याद दिलीय. जातीचं कलमपन लागनार. पन आपनबी उलटी केस टाकू. तिनं तुमाला भाजलं, दात उपटलं. पोरगा सोडवाय गेला, तर ती त्याला चावली. हा बघा पुरावा, हातावर दातांचं चांगलं वळ हायेत. दोन्हीकडून केस झाली की ती बया गुमान मिटवून घेती. तुमी काय बोलायचंच न्हाई. तोंड सुजलंय, बोलवत न्हाई, बास."

"बास," भाग्यश्री पुटपुटली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती आत गेली.

ज्योतीराम गेल्यावर मायलेक दोघंच उरले. गिरजाबाईनं एकेक शब्द जुळवत विचारलं, "त्या पोरीचा हात... जुळंल का रं?"

"मला काय म्हाईत."

"कामाचा हात व्हता तो."

रणजीत एकदम रडायला लागला. "तू वरडत व्हतीस आये! मला वाटलं तुला जाळत्यात. त्यो वास... सोनूच्या वक्तालाबी असाच..."

"मी तुला थांब म्हनत व्हते."

"मला काय कळनार?"

"तिनं सांगितलं ना, त्यांना इचारा म्हनून. इचारायचं तरी."

मग डोळे पुसून म्हणाला, "आता गप ऱ्हाशील ना? आत गेलो तर जामीन व्हनार न्हाई लवकर. शेड बुडंल. तुझ्याशिवाय कोन हाय मला?"

गिरजाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो तेच उत्तर समजला.

सकाळी पोलीस ठाण्यात साधना नावाच्या फौजदारबाई होत्या. समोर ज्योतीराम बोलत होते. रस्ता पाठ असलेल्या माणसासारखे बोलत होते. रणजीतनं बाही वर करून हात दाखवला. दातांचा गोल उमटलेला, कडेनं काळा पडलेला.

"डॉक्टर चावल्या तुम्हाला?" साधनाबाईंनी विचारलं.

"व्हय," रणजीत म्हणाला. नजर टेबलावर.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

"त्यांना बोलवत न्हाई मॅडम," ज्योतीराम म्हणाले. "बघा की तोंड. वयबी झालंय, कायबी बरळत्यात."

गिरजाबाईनं पदर कमरेला खोचला. "भाऊजी," ती म्हणाली, "तुमचं बोलून झालं आसंल तर पानी प्या."

बाहेरच्या बाकावर बसलेला हवालदार फसकन हसला.

मग तिनं साधनाबाईंच्या समोर जाऊन तोंड उघडलं. सुजलेल्या खालच्या हिरडीत दोन खड्डे होते. बोट घालून तिनं ते दाखवले.

"हे बघा. त्याच्या हातावर माझे दात हायेत. त्या पोरीनं माझा एकबी दात उपटला न्हाई, ती वाचवत व्हती. चावली ती मी. पोरीचा हात ह्यानं कपाटात घातला, दोनदा दार आपटलं. तिसऱ्यांदा आपटनार व्हता. करिष्माचं डोकं ह्यानंच फोडलं. माझ्या सुनेचा गालबी ह्याचंच काम. मला जाळत व्हती असं त्याला वाटलं, त्येबी लिवा, ते खरं हाय. पन मारलं ते ह्यानं मारलं."

"आये!" रणजीत उठला.

"बस खाली," गिरजाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो बसला.

साधनाबाईंनी लिहून घेतलं. वाचून दाखवल्यावर गिरजाबाईनं अंगठा उमटवला. भाग्यश्री दाराशी उभी होती. न बोलावता पुढं आली आणि म्हणाली, "माझंबी लिहा."

रणजीत येरवड्याच्या तुरुंगात बरेच महिने होता. नंतर जामीन झाला. खटला अजून चालू आहे आणि तारखा पडतात. त्याची मशीन बँकेनं नेली. आता तो दुसऱ्याच्या शेडमध्ये सुपरवायझर आहे आणि फ्लेक्सवर त्याचं तोंड दिसत नाही.

वर्षालीच्या हातात हाडाला धातूच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. दोन बोटं पुरती वळत नाहीत, त्यामुळं बारीक काम तिच्याकडून होत नाही. चाकणचा दवाखाना तिनं बंद केला आणि पिंपरीत माहेरच्या घराजवळ दुसऱ्या डॉक्टरांबरोबर बसते. पेशंट ती तपासते, हत्यार दुसरे धरतात. गिरजाबाईची राहिलेली हिरडी तिनंच त्यांच्याकडून पुरी करून घेतली, स्वतः शेजारी उभी राहून. पैसे विचारले तर दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिली.

करिष्माच्या भुवईवर व्रण राहिला. ती नर्सिंगला गेली. सोनू लातूरला परतला आणि भावाच्या किराणा दुकानात बसतो. ज्योतीराम पुढच्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीत भरघोस मतांनी निवडून आले.

भाग्यश्री घर सोडून गेली नाही, पण नवरा तिनं घरात घेतला नाही. ती एका कंपनीच्या कँटीनला कामाला आहे. तिच्या पगारावर घर चालतं.

गिरजाबाई अजून आहे. रणजीत कुरुळीला भाड्याच्या खोलीत राहतो आणि आईशी बोलत नाही. ती रोज सकाळी भाकरी करते, कंपनीच्या बसवाल्याकडे त्याचा डबा देते. संध्याकाळी डबा रिकामा परत येतो. धुतलेला कधीच नसतो. ती तो राखेनं घासते आणि उद्यासाठी पालथा घालून ठेवते.